हेमिसच्या त्सेचूला जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पालख्या निघायचे दिवस जवळ आले की मला लडाखबद्दलचे फोन यायला लागतात. मामेबहिणीच्या भिशीतल्या बायका, ट्रेकच्या ग्रुपमधली मुलं, एकदा तर बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी काऊंटरपलीकडून विचारलं. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हेमिसच्या उत्सवाला, म्हणजे त्सेचूला, मी तीनदा गेले आहे. पहिल्या वेळी बऱ्याच चुका केल्या. पुढची बरीचशी उत्तरं त्या चुकांमधूनच आली आहेत.

हेमिसचा उत्सव म्हणजे नक्की काय असतं?

लेहपासून साधारण ४५ किलोमीटरवर, सिंधू ओलांडून एका अरुंद घळीत शिरलं की हेमिस गोम्पा लागतो. गोम्पा म्हणजे मठ. शेवटचं वळण घेईपर्यंत तो दिसतच नाही, इतका आत दडलेला आहे. १७व्या शतकात राजा सेंगे नामग्याल याच्या आश्रयाने स्तागत्सांग रासपा या गुरूंनी तो उभारला. पंथ द्रुक्पा, म्हणजे भूतानमध्ये जो मुख्य पंथ आहे तोच.

उत्सव गुरू पद्मसंभवांच्या जन्माचा. हे आठव्या शतकातले भारतीय आचार्य. तिबेटात वज्रयान, म्हणजे तंत्र-मंत्रांचा बौद्ध मार्ग, रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात, आणि लडाखी माणूस त्यांना 'गुरू रिनपोछे' म्हणतो. दोन दिवस गोम्पाच्या अंगणात लामा मुखवटे आणि रेशमी झगे घालून नाचतात. त्या नाचाला 'छाम' म्हणतात. आजूबाजूच्या गावांतली घरंच्या घरं येतात, आज्या गोणभर सामान घेऊन सावलीची जागा धरतात, पोरं फुगे मागतात, बाहेर दुकानं लागतात. थोडक्यात, आत पूजा आणि बाहेर जत्रा.

तारीख दरवर्षी बदलते. आधीपासून कशी ओळखायची?

घरातलं कालनिर्णय काढा.

खरंच. 'त्से' म्हणजे तिथी आणि 'चू' म्हणजे दहा. त्सेचू म्हणजे सरळसरळ दशमी. तिबेटी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दहाव्या आणि अकराव्या तिथीला हा उत्सव असतो. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळे ही तिथी आपल्याकडे शुद्ध दशमी-एकादशीलाच पडते. महिना कधी ज्येष्ठ असतो, कधी आषाढ, कारण त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक महिना वेगवेगळ्या वेळी येतो. २०२५ मध्ये हेमिसचा उत्सव ५ आणि ६ जुलैला होता. ६ जुलैला आषाढी एकादशी होती. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात गर्दी उसळलेली आणि इथे साडेतीन हजार मीटरहून उंच अंगणात छाम चाललेला, एकाच दिवशी. २०२३ मध्येही असंच जमलं होतं. २०२४ मध्ये मात्र उत्सव १६-१७ जूनला, ज्येष्ठात आला.

तेव्हा ज्येष्ठ आणि आषाढ या दोन्ही महिन्यांच्या शुद्ध दशमी कॅलेंडरवर बघून ठेवा, त्यातली एक हेमिसची. कोणती, ते लडाखच्या पर्यटन खात्याच्या वार्षिक यादीत येतं. तिबेटी पंचांगातही तिथीचा क्षय आणि वृद्धी होते, म्हणून एका दिवसाचा फरक पडू शकतो. विमानाचं तिकीट काढायचं ते यादी बघूनच.

तो बारा वर्षांनी उलगडणारा थांगका कधी बघायला मिळेल?

२०२८ मध्ये. थांगका म्हणजे कापडावरचं देवचित्र. हेमिसचा हा थांगका गुरू पद्मसंभवांचा आहे, रेशमावर भरतकाम केलेला, मोती आणि रत्नं जडवलेला, आणि गोम्पाच्या भिंतीवरून सोडावा लागेल इतका मोठा. तिबेटी पंचांगात बारा वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं; त्यातल्या माकड वर्षातच तो बाहेर काढतात. याआधी २००४ आणि २०१६ मध्ये काढला होता. तिथीचा हिशेब केला तर २०२८ चा उत्सव जुलैच्या अगदी सुरुवातीला येतो. त्या वर्षी गर्दी कुंभमेळ्याच्या वळणावर जाते, हे लक्षात ठेवून लेहमधली खोली बरीच आधी धरा. माझं मत विचाराल तर उत्सव पहिल्यांदा बघायला साधं वर्ष बरं. माकड वर्षात माणसं थांगका बघून निघून जातात आणि नाच बघायचा राहतो.

विमानाने जावं की रस्त्याने?

वेळ असेल तर श्रीनगरकडून रस्त्याने जावं. साधारण सव्वाचारशे किलोमीटर, दोन दिवस. झोजिला ('ला' म्हणजे खिंड) ३,५२८ मीटरवर आहे, पण रात्रीचा मुक्काम कारगिलला पडतो, आणि कारगिल पावणेतीन हजारांच्या आसपास आहे. शरीराला चढायची सवय हळूहळू होते. दुसऱ्या दिवशी फोटू ला, लामायुरू, आल्ची असं बघत लेहला पोचता.

मनालीचा रस्ता देखणा आहे, बाईकवाल्यांचा लाडका, आणि उंचीच्या दृष्टीने दुष्ट. अटल बोगद्यामुळे (२०२० पासून) रोहतांगचा घाट वाचतो, पण पुढे बारालाचा ला आणि तांगलांग ला आहेतच. तांगलांग ला तर पाच हजार मीटरच्या वर. या रस्त्याने जाणार असाल तर रात्रीचा मुक्काम जिस्पाला किंवा केलाँगला करा. सारचूच्या तंबूत, चार हजारांच्या वर, पहिलीच रात्र काढलेली माणसं सकाळी कशी दिसतात ते मी पाहिलंय.

विमान सोपं. दिल्लीहून सव्वा-दीड तास. डावी-उजवीकडे बर्फ, सगळे खिडकीला नाक लावून. फक्त मुंबईच्या समुद्रसपाटीवरून निघून त्याच दिवशी तुम्ही ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये पोचलेले असता, आणि त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो.

उंचीचा त्रास खरंच होतो का, की लोक उगाच घाबरवतात?

होतो. मला झाला. पहिल्या वेळी आम्ही सकाळी उतरलो, हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि 'एवढं काही वाटत नाहीये' म्हणत दुपारीच शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला गेलो. रात्री डोकं असं ठणकलं की उशीवर टेकवता येईना, पोटात पाणी ठरेना. दुसरा दिवस पांघरुणात गेला आणि तिसऱ्या दिवशी हेमिसला पोचलो तेव्हा अर्धा उत्सव झाला होता.

लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन तेवढा कमी. शरीर याला जुळवून घेतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. गंमत अशी की त्रास उतरल्या उतरल्या होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुतेक रात्री सुरू होतो, म्हणून दुपारी सगळ्यांना आपण पहिलवान आहोत असं वाटतं. तरुण, व्यायाम करणारी मुलं सुटतात असंही नाही. उलट तीच जास्त धावपळ करतात आणि आधी आडवी होतात.

पहिले ४८ तास लेहमध्ये काहीही करायचं नाही. हॉटेलच्या गच्चीवर बसा, पाणी प्या, हलकं जेवा, दारू नको, झोपेची गोळी नको. संध्याकाळी बाजारापर्यंत रमतगमत चक्कर ठीक. हॉटेलवालेच तुम्हाला बाहेर पडू नका म्हणून सांगतात, त्यांचं ऐका. डोकेदुखी, भूक न लागणं, झोप न येणं हे पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांना होतं आणि आरामाने उतरतं. पण चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लेहमध्ये सोनम नुरबू स्मृती रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. लगेच जा.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. माझ्या शेजाऱ्यांनी घेतली होती म्हणून मी घेतली, हे कारण पुरेसं नाही.

आई-बाबांना नेता येईल का? वय सत्तरच्या पुढे आहे.

वयाचा अडसर नाही. हृदय, फुप्फुसं, आटोक्यात नसलेला रक्तदाब यांचा आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं तर श्रीनगरकडून न्या आणि लेहला तीन दिवस ठेवा. उत्सवाच्या अंगणात मात्र पायऱ्या आहेत, बसायला जमीन आहे आणि स्वच्छतागृह जत्रेतलं असतं तसं आहे. गुडघ्यांसाठी छोटी घडीची खुर्ची नेलीत तर आई तुम्हाला दुवा देतील. तान्ह्या बाळांना नेऊ नका, त्यांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही.

लेहहून हेमिसला कसं जायचं? तिथेच राहता येतं का?

मनाली रस्त्याने कारूपर्यंत यायचं, तिथून सिंधूवरचा पूल ओलांडून सहा-सात किलोमीटर चढ. वाटेत शे आणि ठिकसे ही गोम्पांची गावं लागतात. जाताना थांबू नका, येताना थांबा. टॅक्सीचे दर लेहच्या टॅक्सी युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस फारशी होत नाही. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी किंवा बाईक लडाखमध्ये फिरवायला देत नाहीत. स्वतःच्या नावावरची एमएच गाडी चालते. सणाच्या दोन दिवशी लेहच्या स्टँडवरून बस आणि मिनीबसही सुटतात. त्या भरतात, डुलत डुलत जातात, आणि शेजारच्या आमा-लेंच्या (आईच्या वयाच्या बाईंच्या) पिशवीतल्या वाळलेल्या जर्दाळूंवर तुमचा हक्क आहे असं त्या धरूनच चालतात. मी तरी टॅक्सीपेक्षा बसच सुचवीन.

हेमिस गावात घरगुती मुक्कामाची सोय होते, साधी आणि स्वच्छ. सकाळी गर्दीच्या आधी अंगणात पोचायचं असेल तर तेच उत्तम. पण हेमिस लेहपेक्षाही उंचावर आहे, तेव्हा तिथे झोपायचं ते लेहचे दोन दिवस झाल्यावर.

एकच दिवस पुरेल ना? आम्हाला पँगाँग सरोवरही करायचंय.

हा प्रश्न ऐकला की मी जरा गप्प होते.

एका दिवसात उत्सव बघता येतो, पण तासाभरात येत नाही, आणि एक दिवस म्हणणारे बहुतेक तासाभरानेच उठतात. छाम अतिशय संथ असतो. एकच पाऊल, अर्धी गिरकी, थांबणं, पुन्हा एक पाऊल. वीस मिनिटांनी वाटतं, हे तर तेच ते चाललंय. चाळिसाव्या मिनिटाला फोन बाहेर निघतो. आणि नेमकं तेव्हा, जर उठला नाहीत तर, ढोलाचा ठेका अंगात शिरायला लागतो आणि मग दुपार कशी गेली कळत नाही. रात्रभराच्या भजनाला बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पँगाँग कुठे जात नाही.

अंगणात जे चाललंय ते कळणार कसं? कोणी समजावून सांगतं का?

फारसं नाही. म्हणून थोडं आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात वाद्यांनी होते. दोन लामा भलेमोठे पितळी कर्णे घेऊन बसतात, इतके लांब की कर्ण्यांचं तोंड जमिनीवर टेकवावं लागतं. त्यांना दुंगचेन म्हणतात. त्यांचा सूर कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. जोडीला सनईच्या जातीची ग्यालिंग, दांड्यावर धरलेले ढोल आणि मोठाल्या झांजा. आमच्या ग्रुपमधल्या एका पखवाजवाल्याने पहिल्या दहा मिनिटांत ठेका मोजायचा प्रयत्न सोडून दिला होता. झांजा मोजून वाजतात खऱ्या, पण मोजणी पूजेची आहे, तालाची नाही.

मग काळ्या रुंद टोप्यांचे नर्तक येतात. यांच्या तोंडावर मुखवटा नसतो. ते जागा शुद्ध करतात, अंगण ताब्यात घेतात म्हणा. तमाशात गण जसा आधी, तसं. त्यांच्यामागून मुलामा दिलेल्या तांब्याच्या मुखवट्यांचे नर्तक येतात. या सगळ्यानंतर मोठा सोनेरी मुखवटा, वर छत्र, पुढे उदबत्त्या, असे गुरू पद्मसंभव प्रवेश करतात आणि सगळं अंगण उठून उभं राहतं. तुम्हीही राहा.

गुरूंची आठ रूपं मानतात. शांत, राजस, उग्र, विद्वान अशी. आठही रूपं अंगणात येतात, त्यातल्या कुणी बसतात, कुणी नाचतात. एकच गुरू आठ अंगांनी का येतात, हे दशावताराच्या गावातून आलेल्या माणसाला पटकन उमगतं, पण इथे अवतार एकामागून एक युगांत येत नाहीत, सगळे एकाच वेळी हजर असतात. हाडांच्या सापळ्याचे पांढरे कपडे घातलेले नाचणारे दिसले तर घाबरू नका. ते स्मशानाचे रक्षक आहेत आणि बहुधा अंगणातले सगळ्यात चपळ तेच. मधूनमधून विदूषक येतात, लोकांच्या टोप्या पळवतात, परदेशी पाहुण्यांची नक्कल करतात. सोंगाड्या सगळीकडे सारखाच.

एक गोष्ट लक्षात ठेवून बघा. नाचणाऱ्यासाठी हा कार्यक्रम नाही, साधना आहे. मुखवट्यातल्या लामाने त्या देवतेचं ध्यान करत पावलं टाकायची असतात. त्यामुळे टाळ्या वाजवल्या जात नाहीत.

शेवटी पिठाची बाहुली कापतात म्हणे. ते काय आहे?

दुसऱ्या दिवशी उग्र रूपांचे नाच असतात आणि त्यात कणकेची एक आकृती मधोमध ठेवतात. ती माणसाची नाही, अहंकाराची आणि अनिष्टाची. नर्तक शस्त्राने तिचे तुकडे करतो आणि ते दिशादिशांना उधळले जातात. पिठापासून केलेल्या अशा नैवेद्याला, पूजेच्या आकृतीला 'तोर्मा' म्हणतात. बळी आहे, पण पिठाचा. आपल्याकडे कोहळा फोडतात, त्याची आठवण येते.

आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध आहोत. आम्हाला हे परकं वाटेल का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर आधी वाटतं. नागपूरहून आलेलं एक कुटुंब मला तिथे भेटलं होतं. काका निवृत्त शिक्षक. देवता, मुखवटे, मंत्रांची चाकं बघून म्हणाले, 'आमच्या बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला सांगितलं.' त्यांचं खरंच होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर घेतलेल्या २२ प्रतिज्ञांचा रोख देवदेवता आणि कर्मकांडाच्या विरोधात आहे, आणि लडाखमधलं वज्रयान विधींनी गच्च भरलेलं आहे. हे दोन रस्ते एकच आहेत असं म्हणायची मला गरज वाटत नाही. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं मात्र दोन्हीकडे पहिलं आहे. तिथे ते तिबेटी भाषेत म्हणतात आणि त्याच्या आधी गुरूलाही शरण जातात. संध्याकाळी काका एका म्हाताऱ्या लामांशी हिंदीत बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आणखी एक. वज्रयान महाराष्ट्राच्या मातीला अनोळखी नाही. वेरूळचं १२ नंबरचं लेणं, ज्याला तीन ताल म्हणतात, तिथे आठ बोधिसत्त्वांची मंडलं कोरलेली आहेत. औरंगाबाद लेण्यांमध्ये तारा आहे, वादक स्त्रियांमध्ये नाचणारी. हेमिसला जायच्या आधी वेरूळला एक चक्कर मारा. पुष्कळ गोष्टी तिथे ओळखीच्या वाटतील.

फोटो काढले तर चालतात का?

अंगणात चालतात. देवघरात आत, आणि जिथे नाही म्हणून लिहिलंय तिथे नाही. फ्लॅश कुठेच नको. नर्तकांच्या वाटेत शिरून, आडवं पडून फोटो काढणारे दरवर्षी असतात, आणि दुर्दैवाने कधीकधी ते मराठीत बोलत असतात. पेराक, म्हणजे फिरोजे जडवलेलं शिरोभूषण घातलेल्या आजीचा फोटो हवा असेल तर आधी जुले (नमस्कार) म्हणा, कॅमेरा दाखवा, मान हलली की काढा. ड्रोन घरी ठेवा. कारूला लष्कराचा मोठा तळ आहे, तिथे मोबाईलही खिशात.

वागण्याबोलण्यात काय सांभाळायचं?

स्तूप, मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची), प्रार्थनाचक्र, सगळं उजवीकडे ठेवून फिरायचं, आपण प्रदक्षिणा घालतो तसंच. आत जाताना जोडे काढा, टोपी काढा. लामांकडे किंवा मूर्तीकडे पाय करून बसू नका. मुखवट्याला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत.

'जुले' हा एक शब्द पुरतो. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळं त्यातच. मोठ्यांना हाक मारताना शेवटी 'ले' लावतात, आपल्या 'जी'सारखं. आईच्या वयाच्या बाईला आमा-ले, थोरल्या भावाला आचो-ले, थोरल्या बहिणीला आचे-ले. बाकी हिंदी बहुतेकांना येतं.

खायचं काय? आणि एकादशीचा उपास असेल तर?

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भाज्यांचा थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, तिंगमो नावाचा वाफवलेला पाव, कणकेच्या जाड गोळ्यांचा स्क्यू (वरणफळं आठवतील), सकाळी खंबीर नावाची जाड भाकरी आणि लोणी. लेहमध्ये पंजाबी जेवण हवं तितकं. उत्सवात गोम्पाबाहेर चहा-मोमोची दुकानं लागतात.

गुर-गुर चा म्हणजे मीठ आणि लोणी घातलेला चहा. चहा समजून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. कढण समजून प्या. एक लक्षात असू द्या, पेला रिकामा दिसला की लगेच भरतात. नको असेल तर भरलेलाच ठेवायचा.

उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी विसरा. उकडलेला बटाटा, दही, वाळलेले जर्दाळू, अक्रोड यांवर दिवस निघतो. पण निर्जळी उपास तिथे करू नका. एवढ्या उंचीवर पाणी न पिणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. विठ्ठल समजून घेईल, असं माझ्या आईचं म्हणणं आहे.

कपडे कोणते न्यावेत?

उन्हात टी-शर्ट आणि सावलीत स्वेटर, असं एकाच अंगणात असतं. म्हणून एकावर एक घालता येतील असे. रात्री बऱ्यापैकी गार. रुंद टोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना काहीतरी. तिथलं ऊन चटका देत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी नाकाची साल निघते.

मोबाईल, पैसे, परवाने?

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. लेहमध्ये एटीएम आहेत, पण रोख जवळ ठेवा, हेमिसच्या जत्रेत नेटवर्कचा भरवसा धरू नका.

हेमिसला परवाना लागत नाही. नुब्रा, पँगाँग वगैरेंसाठी भारतीयांना पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरावं लागतं. अमेरिका-इंग्लंडहून येणाऱ्या आपल्या माणसांनी मात्र ध्यानात घ्यावं, परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड असलं तरी त्या भागांसाठी वेगळा परवाना लागतो. चुलतभाऊ गाडीत आणि आपण चेकनाक्यावर, असं व्हायला नको.

येशू ख्रिस्त हेमिसला राहून गेले होते, हे खरं का?

गाईड हे फार रंगवून सांगतात. निकोलाय नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये एक पुस्तक काढून दावा केला की हेमिसच्या मठात त्याला येशूच्या भारतातल्या वर्षांची पोथी वाचून दाखवली. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्ऱ्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक थेट हेमिसला गेला, मुख्य लामांना भेटला, आणि अशी पोथीच नाही, असा कोणी आलाच नव्हता, असं उत्तर घेऊन आला. अभ्यासक ही गोष्ट बनावट मानतात. गोष्ट म्हणून छान आहे, चहाबरोबर ऐका. गोम्पातल्या संग्रहालयात खरोखर बघण्यासारखं भरपूर आहे, तिकडे तो वेळ द्या.

हेमिसची गर्दी नको वाटते. दुसरा काही पर्याय?

लडाखच्याच झंस्कर भागातल्या करशा गोम्पाचा उत्सव, गुस्तोर. पदुम गावाजवळ, नदीपलीकडच्या डोंगरावर पांढऱ्या घरांची उतरंड लागावी तसा हा गोम्पा आहे. 'गु' म्हणजे नऊ, इथे महिन्याच्या २९व्या तिथीचा अर्थ. हेमिस दशमीला, तर गुस्तोर अमावास्येच्या तोंडावर. म्हणजे पुन्हा कालनिर्णय: ज्या महिन्यात हेमिस झालं त्याच महिन्याच्या अमावास्येआधीचे दोन दिवस. ज्या वर्षी हेमिस आषाढीला येतं, त्या वर्षी करशाचा गुस्तोर दीप अमावास्येच्या आदल्या दिवसांत. कारगिलहून सुरू खोऱ्यातून पेन्सी ला ओलांडून जायचं, वाटेत द्रांग-द्रुंग हिमनदी. रस्ता खडतर आहे, सोयी कमी आहेत, आणि प्रेक्षकांत बाहेरची माणसं मोजकी. एकदा हेमिस झालं की इकडे जा.

बाकी ठिकसे, स्पितुक, माथो यांचे उत्सव थंडीत असतात. तेव्हा लेहमध्ये नळ गोठलेले असतात, एवढं सांगून ठेवते.

परतीचं तिकीट कधीचं काढावं?

उत्सव संपल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा सोडून. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि वारा किंवा ढग आले तर रद्द होतात. मग सगळे दुसऱ्या दिवशीच्या विमानाच्या मागे. दिल्लीहून पुढचं मुंबई-पुण्याचं तिकीटही त्याच दुपारचं ठेवू नका. एका वर्षी आमचं असंच रद्द झालं, तर हॉटेलवाल्या आचे-लेंनी खोलीचे पैसे घेतले नाहीत, जर्दाळू वेचायला बागेत नेलं. जून-जुलैत फळ कच्चंच असतं. तरी खाल्लं आम्ही.